लिनक्सचा प्रसार कोणाच्या हाती?

संगणक विकत घेणारा मनुष्य दुकानात जातो तेव्हा तो पडद्याचा आकार विचारतो, रॅम किती आहे ते विचारतो, हमी किती वर्षांची आहे याची खातरजमा करून घेतो आणि भावात होईल तेवढी घासाघीस करतो. परंतु या साऱ्या यंत्रसामग्रीला चालना देणारी आणि तिच्या प्रत्येक हालचालीवर हुकूमत चालवणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यासंबंधी तो अवाक्षरही काढत नाही, कारण तीही निवडावयाची वस्तू आहे ही गोष्टच त्याच्या ध्यानीमनी नसते. ती यंत्राबरोबर येते, आणि आली तशी राहते. लिनक्सच्या प्रसाराचे जे प्रयत्न गेल्या पंचवीस-तीस वर्षांत झाले, त्यांतील बहुतेकांना या साध्या वस्तुस्थितीचे विस्मरण झाले होते. ग्राहक दोन प्रणालींची तुलना करीत बसलेला आहे आणि आपण सबळ मुद्दे पुरवले की त्याचे मतपरिवर्तन होईल, असे प्रचारकांनी गृहीत धरले. ग्राहक तर मुळी तुलना करीतच नव्हता.

मुद्दे मात्र खरोखरच सबळ आहेत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 च्या सप्टेंबरात 'ग्नू' या प्रकल्पाची घोषणा केली, आणि 1991 मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकासाठी लिहिलेला प्रणालीचा गाभा जगापुढे ठेवला. या दोहोंच्या संयोगातून जी प्रणाली उभी राहिली तिला आपण सैल अर्थाने लिनक्स म्हणतो. तिचे वैशिष्ट्य तिच्या परवान्यात आहे. पैसे मोजून घेतलेल्या मालकी प्रणालीचा करारनामा जर कोणी चिकाटीने शेवटपर्यंत वाचला, तर आपल्याला मालकी मिळालेली नसून केवळ वहिवाटीची मुभा मिळाली आहे, आणि तीही मूळ मालकाने घातलेल्या अटींवर, असे त्याच्या लक्षात येईल. याच्या उलट ग्नू प्रकल्पाचा परवाना वापरणाऱ्याला प्रणाली चालवण्याचा, ती आतून तपासण्याचा, तीत फेरफार करण्याचा आणि तिच्या प्रती वाटण्याचा अधिकार देतो. अट एवढीच की, फेरफार केलेली प्रत दुसऱ्याला देताना त्यालाही हेच अधिकार दिले पाहिजेत. ही प्रणाली हौशी लोकांचे खेळणे आहे, हा आक्षेपही आता टिकण्यासारखा नाही. जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र 2017 च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालते, आणि ज्याच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे तो मनुष्य, त्याला ठाऊक असो वा नसो, लिनक्सचाच गाभा घेऊन हिंडत असतो.

आता किमतीचा मुद्दा. प्रचारकांना तो सर्वांत वजनदार वाटतो, आणि आपल्याकडे तोच सर्वांत निरुपयोगी ठरतो. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात जो संगणक-दुरुस्तीवाला बसतो, त्याच्या काउंटरवर उघडी पडलेली कॅबिनेटे, जुन्या रॅमच्या पट्ट्यांनी भरलेला प्लॅस्टिकचा डबा, धूळ उडवण्याचा ब्लोअर आणि दुचाकीच्या किल्लीच्या कडीत अडकवलेला एक पेनड्राइव्ह असतो. त्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज असते, ऑफिस असते, फोटोशॉप असते, आणि या सर्वांची कुलपे उघडणारा 'ॲक्टिव्हेटर'ही असतो. यंत्र मंद झाले, व्हायरस शिरला, पडदा निळा झाला, की 'फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा' असे तो सांगतो, आणि दोन-पाचशे रुपयांत काम उरकते. त्या रकमेतील एक पैसाही प्रणालीच्या मालकाकडे जात नाही. ती निव्वळ दुरुस्तीवाल्याची मजुरी असते. अशा गिऱ्हाइकाला 'लिनक्स फुकट आहे' असे सांगितले तर तो प्रांजळपणे विचारतो की, मग विंडोजला कुठे पैसे पडतात? आपल्या देशात लिनक्सचा सामना महागड्या परवान्याशी होतच नाही. तो होतो तितक्याच फुकट मिळणाऱ्या चोरट्या प्रतीशी, आणि तीही ओळखीच्या माणसाने हाताने बसवून दिलेली. तो ॲक्टिव्हेटर कोणी लिहिला आणि कुलूप उघडता उघडता त्याने आणखी काय आत सोडले, याची चौकशी कोणी करीत नाही. ज्या यंत्रावर बँकेचा व्यवहार होतो त्यावर असला अनामिक पाहुणा कायम मुक्काम ठोकून असावा, ही गोष्ट वास्तविक किमतीपेक्षा कितीतरी गंभीर आहे, पण प्रचारात तिचा उल्लेख क्वचितच आढळतो.

फुकट वाटपाचा प्रयोग होऊन गेलेला आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात 'पीसीक्वेस्ट' मासिकाच्या अंकाबरोबर लिनक्सच्या सीडी येऊ लागल्या, आणि त्या काळच्या मंदगती टेलिफोन-इंटरनेटवर जी वस्तू उतरवून घेणे अशक्यप्राय होते ती घरपोच मिळू लागली. पुढे 2004 मध्ये उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती निघाली आणि तिच्या कंपनीने मागेल त्याला टपालाने सीडी पाठवण्याचा उपक्रम 2011 पर्यंत चालवला. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत त्या पाकिटांचे गठ्ठे येत असत. यातून एक गोष्ट निःसंशय साधली, ती ही की या देशात लिनक्स जाणणाऱ्या अभियंत्यांची एक मोठी पिढी तयार झाली. परंतु त्याच अभियंत्यांच्या घरी, त्यांच्या वडिलांच्या टेबलावर, विंडोजच राहिली. सीडी मिळाली, तरी 'वायफाय लागत नाही' म्हणून हाक मारावी तर ऐकायला कोणी नव्हते. पुण्या-मुंबईकडच्या लिनक्स वापरकर्त्यांच्या गटांनी यंत्रे आणावयास सांगून जागेवर प्रणाली बसवून देण्याचे मेळावे भरवले, आणि ते सर्वथा स्तुत्य होते. मात्र मेळाव्याला येणारा मनुष्य बहुधा आधीच अर्धा पटलेला असे, आणि पुढच्या महिन्यात प्रिंटर अडला की जायचे कोठे, हा प्रश्न तसाच शिल्लक राही. केंद्रीय संस्था सी-डॅक हिने 'बॉस' या नावाची भारतीय भाषांची जाण असलेली प्रणाली 2007 मध्ये काढली, आणि केंद्र सरकारने 2015 मध्ये आपल्या खात्यांसाठी मुक्त प्रणालींना अग्रक्रम देण्याचे धोरणही जाहीर केले. तथापि धोरण मंत्रालयाच्या जिन्यावरून खाली उतरून एखाद्या किराणा दुकानदाराच्या गल्ल्यापर्यंत पोहोचते, असा अनुभव नाही.

ज्या एका ठिकाणी आपल्या देशात हे काम खरोखर तडीस गेले, ते ठिकाण म्हणजे केरळ, आणि तेथे ते कसे गेले हे जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे. 2001 मध्ये त्या राज्याच्या शिक्षणखात्याने 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प हाती घेतला. आरंभीच्या पाठ्यपुस्तकांत विंडोजच होती. त्याच वर्षी तिरुवनंतपुरम येथे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची भारतीय शाखा स्थापन झाली, आणि एका कंपनीच्या मालाची ओळख करून देणे म्हणजे संगणकशिक्षण नव्हे, अशी हरकत शिक्षकांच्या संघटनेतूनच उठली. मग पाठ्यपुस्तके बदलली, शाळांसाठी डेबियन या लिनक्सच्याच आवृत्तीवर आणि नंतर उबुंटूवर आधारलेली स्वतंत्र प्रणाली तयार झाली, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत दहावीच्या सार्वजनिक परीक्षेतील संगणकाची प्रात्यक्षिके तिच्यावरच होऊ लागली. 2017 पासून हाच प्रकल्प 'काइट' या नावाने सरकारी कंपनी म्हणून चालतो. शाळांतील दोन लाखांच्या घरातील संगणक तिच्या देखरेखीखाली मुक्त प्रणालीवर आहेत, असे ते राज्य सांगते.

परवान्यांचे जे कोट्यवधी रुपये वाचले त्यांची चर्चा वृत्तपत्रांत पुष्कळ होते. मला त्यापेक्षा दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की, प्रणाली बदलण्यापूर्वी खात्याने शिक्षक तयार केले. प्रत्येक शाळेत संगणकाची जबाबदारी घेणारा एक शिक्षक नेमला, त्याच्यामागे जिल्ह्यात फिरणारे प्रशिक्षक उभे केले, आणि यंत्र अडले तर विचारायचे कोणाला याचे उत्तर प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक असेल असा बंदोबस्त केला. दुसरी गोष्ट अशी की, तेथील मुलांना शिकवताना भर 'लिनक्स'वर दिला नाही. त्यांना भूमितीची आकृती जिओजेब्रात ओढायला शिकवली, चित्र इंकस्केपमध्ये काढायला शिकवले, छायाचित्र जिंपमध्ये दुरुस्त करायला आणि निबंध मल्याळममध्ये टंकलिखित करायला शिकवले. त्याखालची प्रणाली कोणती, हा विषय दुय्यम राहिला. महाराष्ट्रात त्याच 2001 साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि संगणकाला हात लावायला बिचकणाऱ्या लक्षावधी कारकुनांना, गृहिणींना आणि खेड्यातील तरुणांना त्याने धीटपणा दिला, हे त्याचे श्रेय कोणीही नाकारू नये. परंतु तो विंडोज आणि तिच्याच कंपनीच्या ऑफिसच्या आधारे शिकवला गेल्यामुळे संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण एका अख्ख्या पिढीच्या मनात पक्के बसले. पुढे नोकरीच्या जाहिरातीतील अटीने ते अधिकच घट्ट केले.

युरोपातील दोन दाखले याच्याशी ताडून पाहण्याजोगे आहेत. फ्रान्सच्या जांदार्मरी या निमलष्करी पोलीस दलाने 2005 मध्ये आपल्या कचेऱ्यांतून आधी फक्त ऑफिस बदलले आणि ओपनऑफिस आणले. पुढच्या वर्षी फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हा टपालाचा प्रोग्राम आणला. आणि विंडोजची पुढची आवृत्ती घ्यावयाची की नाही हा प्रश्न दाराशी आला तेव्हा, 2008 मध्ये, खालची प्रणाली उबुंटूकडे वळवावयाचे ठरवले. तोपर्यंत शिपायाच्या रोजच्या कामातील खिडक्या सगळ्या ओळखीच्या झालेल्या होत्या, त्यामुळे प्रणाली बदलली तरी त्याला नवे म्हणून शिकावयाचे फारसे उरले नाही. आज त्या दलाचे एक लाखाच्या आसपास संगणक तशा रीतीने चालतात. जर्मनीतील म्युनिक शहराचा मार्ग इतका सरळ झाला नाही. तेथील नगरसभेने 2003 मध्ये लिनक्सचा ठराव केला, त्यावेळी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर आपली बर्फावरील सुट्टी अर्धवट टाकून महापौरांच्या भेटीला धावले होते. 2013 पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक बदललेही गेले. आणि तरी महापौर बदलल्यानंतर, 2017 मध्ये, त्याच नगरसभेने परत विंडोजकडे जाण्याचे ठरवले, तर 2020 मध्ये नव्या सत्ताधाऱ्यांनी मुक्त प्रणालींना पुन्हा अग्रक्रम देण्याचे मान्य केले. या हेलकाव्यांचे खापर बहुधा लिनक्सच्या माथी फोडले जाते. मला ते अन्यायाचे वाटते. महापालिकेच्या खात्याखात्यांचे संगणक-विभाग विखुरलेले होते, बाहेरून येणारे दस्तऐवज वेगळ्या स्वरूपाचे होते, आणि कर्मचाऱ्याची कोणतीही तक्रार, मग ती जुन्या यंत्राची असो वा टपालाच्या व्यवस्थेची, नव्या प्रणालीच्या नावावर जमा होत असे.

आधी प्रोग्राम आणि मग प्रणाली हा जांदार्मरीचा क्रम सामान्य घरात अधिकच पाळावयास हवा. ज्याला लिनक्स द्यावयाची आहे त्याच्या विंडोजवरच आधी फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि व्हीएलसी बसवून द्यावे, आणि काही महिने प्रणालीचे नावही काढू नये. मग योग्य घटका कोणती, तर यंत्र म्हातारे होण्याची. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि अकरावी आवृत्ती टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर मागते. त्यामुळे साधारणतः 2017 पूर्वीचे, अन्यथा ठणठणीत असे असंख्य लॅपटॉप कागदोपत्री बाद झाले. अशा लॅपटॉपवर लिनक्स मिंट बसवली तर तो आणखी कित्येक वर्षे विनातक्रार चालतो. येथे प्रचारकांनी एक प्रामाणिकपणा पाळावा: जुन्या यंत्राची गती वाढते त्यातील मोठा वाटा फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी घातल्याचा असतो, आणि तो लिनक्सच्या खात्यावर टाकू नये.

प्रत्यक्ष कृती लोकांना वाटते तितकी कठीण नाही, परंतु तिचे भय निराधारही नाही. प्रणालीची तीनेक जीबीची फाइल पेनड्राइव्हवर योग्य रीतीने चढवली, यंत्र सुरू करताना एफ-12 किंवा त्या त्या कंपनीने ठरवलेली कळ दाबली, की हार्डडिस्कला स्पर्शही न करता संपूर्ण प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालू होते. या अवस्थेत मालकाला शेजारी बसवून वायफाय जोडावे, आवाज ऐकावा, कॅमेरा उघडावा, आणि विशेषतः त्याच्या प्रिंटरवर एक पान छापून पाहावे, कारण नवे प्रिंटर बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात, पण आपल्याकडे कचेऱ्याकचेऱ्यांतून दिसणारे काही जुने छोटे लेसर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात. यांपैकी काही अडले तर पेनड्राइव्ह काढून घ्यावा आणि नमस्कार करून परतावे; मूळ प्रणाली जशीच्या तशी असते. सर्व जमले, तर मग फोटो आणि कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत आणि दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवाव्यात. मात्र नव्या लॅपटॉपवर विंडोजने डिस्क बहुधा कुलूपबंद केलेली असते. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये थोडा बदल होताच ती अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली मागते, आणि ती किल्ली आधी लिहून घेतली नसेल तर उत्साही मदतनिसावर घरच्या मंडळींची तोंडे चुकवण्याची पाळी येते.

मराठी वापरणाऱ्याची कसोटी याहून वेगळी आहे. जो इनस्क्रिप्ट कळफलक शिकलेला आहे त्याला लिनक्सवर काहीही नवीन शिकावे लागत नाही, कारण तो कळफलक सर्वत्र एकच आहे. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ दाबली की 'दऱ्या'तला 'ऱ्य' येथेही तसाच उमटतो. रोमन अक्षरांच्या उच्चारावरून लिहिणाऱ्यांसाठीही सोय आहे. टंकांच्या बाबतीत तर मुक्त प्रणालीचे मराठीवर ऋण आहे: रेड हॅट कंपनीने मुक्त केलेल्या 'लोहित' टंकमालेत मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' यांची निराळी तजवीज होती, आणि मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा टंक कोणालाही वापरण्यास मोकळा आहे. अडचण आहे ती जुन्या दप्तराची. युनिकोडपूर्व काळात छापखान्यांतून आणि कचेऱ्यांतून जे मराठी टंक रूढ झाले, त्यांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेली होती. तो विशिष्ट टंक नसलेल्या यंत्रावर अशी फाइल उघडली की जन्मभराचे लेखन निरर्थक चिन्हांच्या रांगा होऊन समोर येते. रूपांतराची साधने उपलब्ध आहेत. मात्र जोडाक्षरे नजरेखालून घालावी लागतात, आणि हे काम प्रणाली बदलण्याच्या दिवशी नव्हे तर त्याआधीच उरकले पाहिजे.

काही मंडळींना मात्र या वाटेला लावूच नये, आणि हे सांगण्यास प्रचारक सहसा धजावत नाहीत. ज्याचा हिशेब टॅलीत आहे, ज्याच्या निविदा आणि विवरणपत्रे डिजिटल सहीच्या डोंगलवर अवलंबून आहेत, ज्याचा छापखाना कोरलड्रॉच्या फायलींवर चालतो, अशा मनुष्याला पर्याय सुचवता येतात, जुगाडही करून देता येतात. परंतु महिनाअखेरीला त्याचे एक काम अडले तर तो स्वतः तर परतेलच, शिवाय बाजारपेठेतील दहा जणांना सावध करील. उलट ज्यांचे सारे काम ब्राउझरमध्ये, टपालात, व्हिडिओ पाहण्यात आणि क्वचित एखादे पत्र लिहिण्यात सामावते, असे निवृत्त शिक्षक, विद्यार्थी, ग्रंथालये आणि छोट्या संस्थांची कार्यालये पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे लिनक्सच्या शेकडो आवृत्त्यांची यादी ठेवून 'निवडा' म्हणू नये. त्या गावात मदत करणाऱ्याला जी प्रणाली येते तीच एक सर्वांना द्यावी, आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करून दाखवण्याचा मोह आवरावा, कारण त्या दर्शनाने विद्वत्तेचा ठसा उमटतो, पण पुन्हा त्या यंत्राजवळ जाण्याचे धैर्य उरत नाही.

राहता राहिला तो दुरुस्तीवाला. केरळात जे काम शाळेतील शिक्षकाने केले ते बाजारात फक्त हाच करू शकतो, आणि त्याला लिनक्सविषयी आस्था नसण्याचे कारण अज्ञान हे नसून हिशेब हे आहे: सहा-आठ महिन्यांनी परत येणारे फॉरमॅटचे गिऱ्हाईक ही त्याची नेमाची मिळकत, आणि व्हायरसमुळे फारशी न अडणारी प्रणाली बसवून तो ती स्वतःच्या हाताने बंद कशाला करील? म्हणून त्याच्यापुढे दुसरी मिळकत ठेवली पाहिजे. जुन्या लॅपटॉपला एसएसडी आणि रॅम घालून, मिंट बसवून, मराठी कळफलक चालू करून देण्याची एकरकमी मजुरी, आणि त्यानंतर ज्याला तो आणि त्याचे गिऱ्हाईक दोघेही एएमसी म्हणून ओळखतात तो वार्षिक देखभालीचा करार, असा व्यवहार त्याला समजतो. रिफर्बिश्ड लॅपटॉप विकणाऱ्यांना तर यात आणखी एक लाभ आहे, तो म्हणजे चोरटी प्रत घालून विकण्याची जोखीम टळते. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीच्या अखेरीचे निमित्त साधून युरोपातील मुक्त प्रणालीच्या कार्यकर्त्यांनी 2025 मध्ये 'एंड ऑफ टेन' ही मोहीम काढली, तेव्हा त्यांनी नुसता गुणगौरव न करता गावोगावच्या दुरुस्ती-केंद्रांची आणि दुकानांची यादीच लोकांपुढे ठेवली. आपल्याकडच्या लिनक्स गटांनी आपल्या पुढच्या बैठकीला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांऐवजी आसपासच्या गाळ्यांतील पाच-सहा दुरुस्तीवाल्यांना बोलवावे, येताना त्यांच्याकडचा सर्वांत हट्टी प्रिंटर घेऊन यायला सांगावे, आणि तो चालू होईपर्यंत मालकी, मुक्ती इत्यादी विषय काढू नयेत.